चित्राच्या पाठीवरचे नाव

झाशीचा किल्ला पाहून आपण खाली जुन्या शहरात उतरलो, म्हणजे राणीमहालाच्या परिसरातील गजबजलेल्या पेठांतून चालता चालता बड्या बाजारात येऊन पोहोचतो. दुकानांच्या पाट्या हिंदीत, बोलण्याचे वळण बुंदेली. आणि तरीही एखाद्या जुन्या घराच्या माजघरातून मराठी शब्द कानी यावेत, अशी ही नगरी आहे. १७४२ साली पेशव्यांनी नारो शंकर यांस येथे सुभेदार नेमले. त्यांनी किल्ला वाढविला, भोवती शहर वसविले आणि दक्षिणेतून कुटुंबे येऊन येथे स्थिरावली. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली व तिचा शेवट कसा झाला, हे प्रत्येक मराठी मुलास शाळेतच समजते. सुभेदारी गेली, परंतु घरे राहिली. अशा घरांतील ट्रंकांत मुंजीची, लग्नाची, गणेशोत्सवाची छायाचित्रे काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेली असतात.

वाचकहो, आज घटकाभर असे समजू या की यांपैकीच एक घर आपले आहे. पुण्यास नोकरी करणारा आपला पुतण्या सुटीत आला आणि त्याने ट्रंकेतील सारी छायाचित्रे स्कॅन करून संगणकात भरली. त्यातच चार मोबाइलांमधील चित्रे व व्हिडिओ मिळविले. सहासात हजारांचा संग्रह झाला. सर्वांस आनंद झाला. मग एके संध्याकाळी घरातील आजी सहज म्हणाली, “गणेश मंदिरातल्या मुंजीचा तो फोटो काढ पाहू.” पुतण्याने शोधाच्या चौकटीत ‘मुंज’ असा शब्द लिहिला. संगणकाने क्षणार्धात उत्तर दिले: काही सापडले नाही. चित्र तर तेथेच होते! मग संगणकास ते दिसले कसे नाही?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी संगणक शोध कसा घेतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपण शब्द लिहिताच संगणक साऱ्या फाइली उघडून पाहतो, अशी अनेकांची समजूत असते. तसे तो करू लागला, तर उत्तरास फार वेळ लागेल. म्हणून तो आधीच, आपले इतर काम चालू असताना, फावल्या वेळात एक सूची तयार करून ठेवतो. चांगल्या ग्रंथाच्या शेवटी जशी नामसूची असते व अमुक नाव कोणकोणत्या पानांवर आले हे तीवरून कळते, तशीच ही सूची. अमुक शब्द कोणकोणत्या फाइलींत आला, याची ती नोंद असते. आपण शोध घेतो तो वस्तुतः या सूचीत, फाइलींत नव्हे. ॲपलच्या संगणकांत २००५ साली ‘स्पॉटलाइट’ या नावाने अशी सोय आली व मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये ती २००७ च्या सुमारास ‘व्हिस्टा’ आवृत्तीपासून मुळातच अंतर्भूत झाली.

आता या सूचीकाराची एक मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. आपण टंकलिखित केलेले पत्र त्याच्यापुढे आले की तो ते उघडतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो आणि प्रत्येक शब्दाची नोंद घेतो. परंतु छायाचित्र आले की त्याची वाचा बंद होते. चित्रात शब्द नाहीत. आहेत ते लक्षावधी रंगबिंदू, आणि रंगबिंदूंची नामसूची करता येत नाही. म्हणून विंडोजमध्ये सूचीची मांडणी ठरविण्याच्या जागी फाइलींच्या प्रत्येक प्रकारापुढे दोन पर्याय दिलेले आढळतात. केवळ गुणधर्म नोंदवावेत, की गुणधर्म व आतील मजकूर दोन्ही नोंदवावेत? छायाचित्रे व व्हिडिओ यांच्या बाबतीत नोंद होते ती केवळ गुणधर्मांची.

पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण घ्या. तेथील जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत प्रसिद्ध झाले, ते रुमाल सोडून, आतील एकेक कागद वाचला म्हणून. एखाद्या कारकुनाने रुमाल न सोडताच, बाहेरची चिठ्ठी तेवढी पाहून नोंदवही भरली असती, तर त्या नोंदवहीची जी योग्यता झाली असती, तीच आपल्या छायाचित्रांच्या बाबतीत संगणकाच्या सूचीची आहे. चिठ्ठीवर जे आहे ते सूचीत येते. चिठ्ठी कोरी, तर सूचीही कोरी.

मग ही चिठ्ठी म्हणजे काय? फाइलीचे नाव, ती ज्या फोल्डरात आहे त्याचे नाव, दिनांक, आकार, चित्राची लांबीरुंदी, ही झाली बाहेरची चिठ्ठी. याखेरीज चित्राच्या फाइलीतच एक लहानसा कप्पा असतो. जपानमधील कॅमेरा-उद्योगाने १९९५ साली ‘एक्झिफ’ या नावाची एक पद्धत ठरविली. तीनुसार चित्र टिपतानाच कॅमेरा या कप्प्यात काही गोष्टी लिहून ठेवतो: चित्र कोणत्या दिवशी व किती वाजता टिपले, कोणत्या कॅमेऱ्याने टिपले, भिंग किती उघडे होते, आणि मोबाइल असेल व आपण परवानगी दिली असेल तर पृथ्वीवरील कोणत्या अक्षांश-रेखांशावर टिपले. व्हिडिओच्या बाबतीत तो किती मिनिटांचा आहे व त्याची चौकट केवढी आहे, हेही समजते. आजोबांनी आजारपणात पुतण्यापुढे बसून घराण्याची हकीकत सांगितली आणि ती अर्धा तास टिपून घेतली, तरी त्या अर्ध्या तासातील एकही शब्द या सूचीत जात नाही. तिच्या लेखी तो तीस मिनिटांचा एक ठोकळा आहे, इतकेच.

फोल्डर उघडले की प्रत्येक चित्राची चिमुकली प्रतिमा समोर दिसते, त्यामुळे संगणकाने चित्रे ‘पाहिली’ आहेत असा भास होतो. ती चिमुकली चित्रे निराळ्याच कोठारात ठेवलेली असतात. आपल्या डोळ्यांची सोय व्हावी, एवढ्याचसाठी ती असतात आणि शोधाच्या सूचीशी त्यांचा संबंध नसतो.

आता पुतण्याच्या संग्रहाकडे पुन्हा वळू. ट्रंकेतील मुंजीचे छायाचित्र त्याने स्कॅन केले, तेव्हा स्कॅनरने फाइलीस आपल्या मनाने एक अनुक्रमांक दिला आणि दिनांक घातला तो स्कॅन केल्याचा. साठ वर्षांपूर्वीची मुंज संगणकाच्या दप्तरी गेल्या दिवाळीत झाली! नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या चित्रांची अवस्था तर याहून वाईट. त्या मार्गाने नेहमीच्या पद्धतीने आलेल्या चित्रातील एक्झिफचा कप्पा रिकामा होतो, चित्र लहान केले जाते, आणि त्यास नाव मिळते ते ‘आयएमजी’, मग दिनांक, मग ‘डब्ल्यूए’ व एक क्रमांक. तो दिनांक चित्र टिपल्याचा नसतो. म्हणून एखादे जुने छायाचित्र जपून ठेवण्याच्या हेतूने मागवावयाचे असेल, तर ते साधे चित्र म्हणून न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे. तसे केल्याने फाइल जशीच्या तशी येते.

स्थळाच्या नोंदीतही एक मौज आहे. बड्या बाजारात टिपलेल्या चित्रात मोबाइल ‘बडा बाजार’ असे लिहीत नाही. तो सुमारे पंचवीस पूर्णांक पंचेचाळीस शतांश अंश उत्तर व अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सत्तावन्न शतांश अंश पूर्व, अशा अर्थाचे आकडे लिहितो. या आकड्यांचे गावाच्या नावात रूपांतर करण्याचे काम काही छायाचित्र-सेवा करतात. संगणकातील साधी सूची ते करीत नाही. शिवाय नावे बदलतात. झाशीच्या रेल्वे स्थानकास २०२१ च्या अखेरीस ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ असे नाव दिले गेले. आकड्यांनी तेच स्थान, पण जुन्या नावाने टिपण केलेली चित्रे नव्या नावाने शोधू गेल्यास मिळणार नाहीत, आणि नव्या नावाची जुन्या नावाने मिळणार नाहीत.

येथवर चिठ्ठी कोरी असण्याची गोष्ट झाली. चिठ्ठी चुकीची असेल तर काय होते, याचे उदाहरण झाशीतच आहे, आणि ते जरा विस्ताराने सांगण्याजोगे आहे. राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र गेली कित्येक वर्षे घरोघरी मोबाइलांवर फिरत आहे. ते १८५० साली हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने टिपले, असे त्याखाली लिहिलेले असते. आपणही ते पाहिले असेल. कदाचित भक्तिभावाने पुढेही पाठविले असेल. आता थोडा विचार करा. कोलकात्याची जॉन्स्टन आणि हॉफमन ही प्रसिद्ध छायाचित्र-पेढी उभी राहिली ती १८८० च्या सुमारास. राणीने देह ठेवला जून १८५८ मध्ये. वीस-बावीस वर्षांचे हे अंतर कोणत्याही कॅमेऱ्यास ओलांडता येणारे नाही. राणीचे निर्विवाद म्हणता येईल असे एकही छायाचित्र अद्याप पुढे आलेले नाही. तरीही आपण संगणकावर राणीचे नाव लिहून चित्र शोधू लागलो की हेच चित्र अनेकदा समोर येते, कारण हजारो ठिकाणी त्या फाइलीस राणीचेच नाव दिलेले आहे. सूचीने येथे काहीही खोटे केले नाही. चिठ्ठीवर जे लिहिले होते ते तिने प्रामाणिकपणे सांगितले. चेहरा कोणाचा, हे तिला कधीच ठाऊक नव्हते.

यावर कोणी म्हणतील की ही सारी जुनी रड झाली. आता यंत्रे चित्र पाहू लागली आहेत. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ती प्रगती थोर आहे. २०१५ साली निघालेल्या ‘गूगल फोटोज’ या सेवेत ‘समई’, ‘घोडा’, ‘लग्न’ अशा प्रकारच्या शब्दांनी चित्रे निघू लागली. पुढच्याच वर्षापासून ॲपलच्या फोनमध्ये चेहरे व वस्तू ओळखण्याचे काम फोनमध्येच होऊ लागले. विंडोजच्या अगदी अलीकडच्या, विशेष प्रक्रियक बसविलेल्या संगणकांवर चित्राचे आपल्या शब्दांत वर्णन करून शोध घेण्याची सोय २०२५ मध्ये येऊ लागली. मात्र त्यासाठी प्रारंभी निवडलेल्या भाषांत मराठी नव्हती. अशा पद्धतीत यंत्र प्रत्येक चित्राचे शेकडो आकड्यांच्या एका माळेत रूपांतर करते. आपण लिहिलेल्या वर्णनाचीही तशीच माळ होते, आणि ज्या माळा एकमेकींस जवळच्या ठरतात ती चित्रे पुढे येतात. लांबलचक व्हिडिओतील प्रत्येक क्षण तपासणे जड जाते, म्हणून त्यातील काही निवडक चौकटी घेऊन त्यांचा विचार होतो. तेव्हा ज्या चौकटीत आजोबा हसले ती नेमकी निवडली जाईलच, असे नाही.

परंतु या यंत्राला दिसते काय आणि ठाऊक असते काय, यांत भेद केला पाहिजे. मुंजीच्या छायाचित्रात एक मुंडण केलेला बटू आहे, चार स्त्रिया आहेत, पाट आहे, हे ते सांगू शकेल. एकाच स्त्रीचा चेहरा पन्नास चित्रांतून वेचून तो गठ्ठा आपल्यापुढे ठेवील. आणि मग काय करील? ‘ही व्यक्ती कोण?’ असे आपल्यालाच विचारील! नाव, नाते, गाव, प्रसंग ही त्या चित्रात कोठेही नाहीत. ती आजीच्या डोक्यात आहेत. सोळाव्या वर्षीची वधू आणि ऐंशीव्या वर्षीची आजी एकच, हे कित्येकदा यंत्रास उमगत नाही. उलट मामा व भाचा एकाच गठ्ठ्यात पडतात, ही तर नित्याची गोष्ट. शिवाय अशा काही सेवांत आपली चित्रे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर जातात. घरातील लेकीसुनांची व मुलांची चित्रे कोठवर पाठवावयाची, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने जाणूनबुजून घ्यावा. तो पुतण्यावर सोपवू नये.

झाशीच्या संदर्भात आणखी एका गोष्टीची आठवण होते. १८५७ साली कोकणातील वरसईहून उत्तरेस गेलेले विष्णुभट गोडसे हे भिक्षुक झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरात होते. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले, लूट झाली, आणि राजवाड्यातील मोलाचा ग्रंथसंग्रह नष्ट झाला. त्या संग्रहाची सूची आज आपल्याकडे नाही, ग्रंथही नाहीत आणि त्या दिवसांचे एकही छायाचित्र नाही. तरीही तो संग्रह होता व तो कसा गेला, हे आपणांस ठाऊक आहे. कारण विष्णुभटांनी घरी परतल्यावर पुढे सारे आठवून लिहिले, आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. आपल्या ट्रंकेच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडत आहे. चित्रे आहेत, शब्द नाहीत.

तेव्हा आपल्या कल्पित घरातील आजीस संगणकाजवळ बसवावे आणि दररोज दहा-पंधरा चित्रे तिच्यापुढे ठेवावीत. एकदम शंभर ठेवू नयेत, ती दमेल. ती जे सांगेल ते तिथल्या तिथे लिहावे. विंडोजमध्ये चित्राच्या फाइलीवर उजवी कळ दाबून गुणधर्मांचे पान उघडले की तपशिलाच्या भागात शीर्षक, टॅग व टिप्पणी यांसाठी मोकळ्या जागा असतात. ‘जेपेग’ प्रकारच्या छायाचित्रात ही माहिती फाइलीच्या आतच साठविली जाते, म्हणून फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तरी ती बरोबर जाते.

लिहिताना भाषेची थोडी दक्षता घ्यावी लागते. आपण मराठीत ‘झाशी’ लिहितो, जुन्या पुस्तकांत ‘झांशी’ आढळते, मुले शाळेत ‘झाँसी’ शिकतात. आपल्याला हे एकच गाव आहे. सूचीस हे तीन शब्द आहेत. तीच गोष्ट विभक्तीची. ‘बड्या बाजारातील लग्न’ असे टिपण केले आणि पुढे ‘बडा’ हा शब्द शोधला, तर तो सापडेलच असा भरवसा नाही. कारण ‘बडा’चे ‘बड्या’ कसे होते हे मराठी मुलास न शिकविता कळते, पण यंत्रास नाही. यास्तव वाक्य लिहावेच, पण त्याखाली मूळ रूपातील नावे सुटी सुटी मांडावीत: बडा बाजार, झाशी, झाँसी, मुंज, गणेश मंदिर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’ यांसारख्या टंकांत केलेली टिपणे असतील, तर ती युनिकोडमध्ये पालटून घ्यावीत. पडद्यावर ती देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरेच साठविलेली असतात, आणि मराठी शब्दाने ती कधीही मिळणार नाहीत.

आणि स्त्रियांची नावे! येथे सर्वांत अधिक हानी होते. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलत असे आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलत असे. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका १८४२ साली गंगाधररावांशी विवाह होऊन झाशीस आली व लक्ष्मीबाई झाली. तो विवाह झाशीच्या गणेश मंदिरात झाला, असे परंपरा सांगते. ती राणी होती म्हणून तिची दोन्ही नावे आपणांस पाठ आहेत. आपल्या आजीचे, आजीच्या जावेचे माहेरचे नाव घरात आज किती जणांस सांगता येईल? लग्नापूर्वीच्या छायाचित्रावर केवळ सासरचे नाव घातले, तर माहेरच्या माणसांना ती सापडणार नाही, आणि केवळ माहेरचे घातले तर नातवंडांना सापडणार नाही. दोन्ही नावे घालावीत. आजी सांगताना आपल्या मैत्रिणींची नावे सांगेल, तीही गाळू नयेत. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी आज्या असतात.

व्हिडिओचे काय करावे? त्याच्या सर्व प्रकारांत टिपणाची जागा मिळतेच असे नाही. त्यावर एक साधा उपाय आहे. व्हिडिओच्या शेजारीच, त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल करावी आणि त्यात कोण बोलत आहे, कोणत्या प्रसंगी, कशाविषयी, हे पाचसहा ओळींत लिहावे. सूचीकार व्हिडिओ ऐकत नाही. पण मजकूर अक्षरशः वाचतो. आजोबांच्या हकीकतीतील गावांची व माणसांची नावे त्यात असली, म्हणजे शोधणारा त्या फाइलीपाशी येईल आणि शेजारी आजोबा असतील.

दोन गोष्टी यंत्राच्या बाजूने तपासाव्यात. विंडोजची सूची सामान्यतः आपल्या ‘पिक्चर्स’, ‘डॉक्युमेंट्स’ यांसारख्या ठराविक फोल्डरांपुरतीच असते. संग्रह जर बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर किंवा निराळ्या विभागात ठेवला असेल, तर सूची ठरविण्याच्या जागी जाऊन ते स्थान जोडावे. हजारो फाइली एकदम भरल्या की नोंदी पुऱ्या होण्यास तासन् तास लागू शकतात, तेवढा धीर धरावा. मोबाइलमध्ये एखाद्या फोल्डरातील चित्रे गॅलरीत मुळीच दिसत नसतील, तर तेथे ‘नोमीडिया’ नावाची एक रिकामी, दडलेली फाइल आहे काय, ते पाहावे. ती असली की अँड्रॉइड तो फोल्डर चित्रांच्या नोंदीतून वगळतो.

पुतण्याने स्कॅन करताना प्रत्येक छायाचित्राची पुढची बाजू तेवढी घेतली असेल. ती चित्रे एकदा काळ्या पुठ्ठ्यावरून हळूच सोडवून उलटी करून पाहावीत. जुन्या पिढीत पेन्सिलीने पाठीवर चार शब्द लिहिण्याची रीत होती. कोठे तिथी असते, कोठे नुसतेच ‘डावीकडून तिसरी मी’ असे असते. त्या पाठीही स्कॅन कराव्यात. आणि अक्षर कोणाचे आहे, ते आजीस विचारून तेही टिपणात लिहावे.